दारात अडलेलं श्री

दृष्टी गेली तेव्हा मी देवावर रुसलो नव्हतो. पोथी सुटली तेव्हा मात्र रुसलो. अंघोळ झाली की एक अध्याय आणि मगच चहा, हा माझा तरुणपणापासूनचा नेम. बायको वाचून दाखवायची, पण जोडाक्षराला अडखळली की मी चिडायचो आणि देव राहायचा बाजूला. मग कळलं की कॉम्प्युटरवर मराठी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मिळतो. केळव्याशेजारच्या माहीमला आमच्या वाडीतल्या घरी कॉम्प्युटर आला. सुरू करताना त्यानं नाव विचारलं, तेव्हा बायकोनं मराठीत ‘श्री’ लिहिलं. कोऱ्या पानावर आधी श्री, ही आमची सवय.

प्रोग्रॅम काही बसेना. अर्ध्यावर जाऊन थांबायचा. बंद करून चालू केला, काढून पुन्हा उतरवून घेतला, तरी तोच इंग्रजी निरोप. बायकोनं एकेक अक्षर सांगितलं, मी जुळवलं. वाट सापडत नाही, असं तो म्हणत होता.

“मंग तुमच्यासारकंच हाय त्याचं,” ती म्हणाली.

मला हसू आलं नाही. तुझंच नाव ऐकायचं होतं, तुला नको तर राहू दे, असं मनात देवाला म्हणून मी हात टेकले.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. बोईसरला कॉम्प्युटर क्लासात शिकवणारी एक बाई केळव्याला देवीच्या दर्शनाला निघाली होती आणि वाड्यांमध्ये रस्ता चुकली होती. तिनं पाणी मागितलं. बायकोनं पाण्याआधी आमची सगळी कहाणी ऐकवली. बाई कॉम्प्युटरपुढे बसली, थोडं खुडबुडली आणि हसायलाच लागली.

“काका, तुम्हाला श्रींनीच अडवलंय.”

आपण दिलेल्या नावाचा एक फोल्डर होतो आणि प्रोग्रॅमला बसताना त्यातूनच जावं लागतं, असं तिनं समजावलं. ह्याला वाटेत फक्त इंग्रजी अक्षरं कळत होती.

“मराठी वाचनाऱ्याला मराठी येत नाय?” बायकोनं विचारलं.

“आत गेल्यावर येतं काकू. दारात नाही येत.”

श्री पुसायला बायको तयार होईना. पुसायचं नाही, म्हणत बाईनं शेजारी इंग्रजी अक्षरांत माझ्या नावाचं नवं खातं उघडलं. प्रोग्रॅम निमूटपणे बसला. तिनं पोथी उघडली आणि एक सपाट, किंचित नाकातला आवाज म्हणाला, “श्री गणेशाय नमः.”

दारात अडलेलं नाव त्याच्या तोंडून सगळ्यात आधी आलं. मी हसत होतो आणि डोळे वाहत होते. मला एवढा आनंद फार दिवसांनी झाला. देवाचं नाव कुठे लिहायचं ते आपण ठरवतो. ते कुठून ऐकू यावं, हे त्याच्यावर सोडावं.

बाई शहाळी घेऊन गेली. स्कूटरचा आवाज लांब गेल्यावर बायको दचकली, “अवं, तिला पानी द्यायचं ऱ्हायलंच.”

आता रोज सकाळी ओटीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवतो, आणि मगच पोथी लावतो.