ज्ञानू मध्यस्थाचा चौदावा कप

कागलपासून शिरोळपर्यंत सोयरिकी जुळवणारा ज्ञानू दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही. पण चहा? आयला, दिवसाला वीस-वीस कप! करणार काय? मुलगी बघायला गेलेल्या मध्यस्थानं चहाला नको म्हटलं, की स्थळ नापसंत म्हणून त्या घरात रडारड सुरू.

मग झोप उडाली, हात थरथरू लागले, बसल्या जागी छाती धडधडायची. कोल्हापुरातल्या डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि खडसावलं, "चहातल्या कॅफीननं ठोके चुकायला लागलेत. दिवसाला दोन कप, बस्स. तिसरा घेणार असाल तर इकडं येऊ नका, सरळ पंचगंगेच्या घाटावर जा."

ज्ञानूनं मान हलवली आणि बाहेर येऊन टपरीवर चहा मारला. असला शहाणा!

त्याची स्वतःची पोरगी अंतरा अठ्ठाविशीला आली होती. जगाची लग्नं जुळवतोय आणि स्वतःची घरात, असं लोक तोंडावर बोलायचे. शेवटी शिरोळचं स्थळ आलं. पोरगा इंजिनिअर, पोरगी पसंत. ज्ञानू सुपारी फोडायला गेला, तेव्हा दुपारपर्यंत तेरा कप पोटात गेले होते. बैठकीत चौदावा पुढं आला आणि त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यानं कपावर तळहात ठेवला.

पोराची आई संयोगिताबाई म्हणाली, "का वो पावणं? सोयरीक न्हाय करायची?"

"तसं न्हाय वो. ठोक्याचा त्रास हाय. डॉक्टरनं चहा बंद केलाय."

झालं! जन्मात एकदा खरं बोलायचं, ते नेमकं इथं सुचलं बेण्याला.

"म्हंजे हार्टचं? घराण्यातच हाय व्हय?"

'हार्ट' ह्या एकाच शब्दावर ज्ञानूनं आजवर चार पोरींची स्थळं मोडली होती. त्याला दरदरून घाम फुटला. "न्हाय न्हाय, चेष्टा केली की!" म्हणत त्यानं तो कप घटाघटा रिचवला, वर आणखी एक मागून घेतला, आणि तो संपायच्या आत सोफ्यावरनं खाली घसरला.

मेला नाही. पावण्यांनीच गाडीत घालून दवाखान्यात नेला. तिथल्या बाकावर बसूनच पोराच्या बापानं दुसऱ्या मध्यस्थाला फोन लावून नवं स्थळ बघायला सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या ज्ञानूला सगळं ऐकू येत होतं.

चार दिवसांनी तो घरी आला. अंतरानं त्याच्यापुढं काठोकाठ भरलेला चहाचा कप आणून ठेवला.

"डॉक्टरनं नको म्हटलंय की गं," तो पुटपुटला.

"घ्या की तात्या," ती म्हणाली. "माझं आता काय मोडायचं राहिलंय?"

पोरगी समोर उभीच राहिली. त्याला नको म्हणायचं धाडस झालं नाही.