मधली पात

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी वडीगोद्रीजवळच्या एका शेतात अडीच तास सोयाबीन खुरपले. गेलो होतो एका विद्यार्थिनीच्या आईशी बोलायला.

मुलगी चौथीत होती आणि तिला वाचता येत नव्हते. तीन वर्षे ती माझ्याच वर्गात होती. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला जाणार होते. पोरगी वाचायला लागली तर गावात आजीजवळ ठेवू, नाहीतर धाकट्याला सांभाळायला बरोबर नेऊ, असा आईचा निरोप होता.

"बोलायचं आसंल तर पात धरून बोला, गुरुजी," आई म्हणाली. "हात थांबला तर मी मागं पडंन."

खुरपणीत प्रत्येकीच्या वाट्याला पिकाचा एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. सगळ्याजणी आपापली पात घेऊन एका रांगेत पुढे सरकतात. त्या दिवशी आठजणी होत्या. त्यांनी मला मधली पात दिली. एका हाताला आई, दुसऱ्या हाताला एक म्हातारी. दहा मिनिटांत मी मागे पडलो.

"गुरुजी गवत ठिवून सोयाबीन काढून राह्यले," म्हातारी म्हणाली. "पोरायला बी आसंच शिकवतेत का?"

सगळ्या हसल्या. माझ्या हातातले रोप सोयाबीनचेच होते.

त्यानंतर दोन्ही बाजूंनी खुरपी माझ्या पातीत येऊ लागली. दोघींनी कडेकडेचे गवत काढले, मधले तसेच ठेवले. थोड्या वेळाने मी रांगेला लागलो.

"सगळंच का नाही काढत?" मी विचारले.

"मंग तुमचा हात कधी बसायचा?" आई म्हणाली. "नव्या माणसाला कडंला न्हाई घालत. कडंला पडला का तिथंच राह्यला."

माझ्या वर्गात वाचता न येणारी पाच मुले भिंतीकडच्या वेगळ्या रांगेत बसत. ती रांग मीच लावली होती.

सोमवारी मी ती मोडली. पाचहीजणांना वाचणाऱ्या मुलांच्या मध्ये बसवले; या मुलीला चांगले वाचणाऱ्या दोघींच्या मध्ये. पहिले दोन आठवडे वाया गेले. शेजारणी अख्खी ओळ सांगत, ती मागून म्हणे, आणि ती वाचते आहे असे मला वाटे. पुस्तक बदलून तिला एकटीला वाचायला सांगितले, तेव्हा पहिला शब्दही लागला नाही. मग ओळीतला पहिला आणि शेवटचा शब्द शेजारणींनी वाचायचा, मधले तिने, असे ठरवले. कितीही वेळ लागला तरी कोणी सांगायचे नाही. पहिल्या दिवशी एका ओळीला सगळी तासिका गेली.

दिवाळीच्या सुट्टीआधी आई शाळेत आली. मी मुलीसमोर न झालेला धडा ठेवला. तिने एकटीने चार ओळी वाचल्या. एका जोडाक्षरावर अडली, परत मागे गेली, पुढे वाचले. आईला वाचता येत नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

"बराबर हाय का?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

सुट्टी संपल्यावर आठवड्याने, सकाळी सातला, ऊसतोडीचा ट्रक गेला. आई, वडील आणि धाकटा भाऊ त्यात होते. मुलगी शाळेत वेळेवर आली. तिने हजेरी दिली. त्या दिवशी ती वाचायला उभी राहिली नाही.