एका खुर्चीसाठी अख्खा तालुका

आधी कबूल करा, हसायचं नाही. घ्या! तुम्ही आत्ताच हसायला लागलात! बरं, चहा घ्या नि ऐका. लोक आपल्या पायावर धोंडा एकट्यानं पाडून घेतात. मी माझ्या पायावर धोंडा पाडायला कंधार आणि लोहा, दोन तालुक्यांतली माणसं कामाला लावली होती!

तेव्हा मी नांदेडला बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो. घर उदगीरचं. वडिलांची, म्हणजे अण्णांची, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत. अण्णांनी मला सरळ बजावलं होतं, "हे बघ, कुठं चिकटलास तर नांदेडला ऱ्हा. न्हाई तर दिवाळीपासून हितं काट्यावर बसायचं. परीक्षेपुरतं जा अन् ये."

काटा म्हणजे वजनकाटा. तुरीची पोती चढवायची, उतरवायची आणि दिवसभर आकडा ओरडायचा. मला नांदेड सोडायचं नव्हतं हो! मित्र तिथे, लायब्ररी तिथे, आणि उदगीरच्या मोंढ्यात धूळ इतकी, की संध्याकाळी अण्णाही ओळखू येत नाहीत.

त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलबाहेर एक कागद लागला. कमवा आणि शिका योजनेत एक विद्यार्थी हवा, रोज तीन तास. काम काय? फोन उचलायचा, कंपन्यांचे मेल छापून बोर्डावर लावायचे, इंटर्नशिपचे फॉर्म गोळा करायचे. खोलीत कूलर! शिवाय कुठली कंपनी येणार हे सगळ्या कॉलेजच्या आधी आपल्याला कळणार. अण्णांना दाखवायला यापेक्षा चांगलं काय असतं?

मी सोमवारीच फॉर्म भरला आणि सेलच्या जाधव सरांच्या हातात दिला. सर म्हणाले, "ठीक आहे. गुरुवारी ये."

बाहेर आलो आणि कपाळावर हात मारला. फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता, 'शिफारस, असल्यास'. तो मी कोरा सोडला होता! कोरा! आमच्याकडे माणूस दवाखान्यात नंबर लावताना सुद्धा कोणाचं तरी नाव सांगतो, आणि मी नोकरीच्या अर्जात ओळखीचा रकाना कोरा ठेवून आलो होतो!

माझ्यासोबत इम्रान होता. माझा वर्गमित्र, वडिलांचं शिलाईचं दुकान, स्वभाव एकदम थंड. तो म्हणाला, "अरे, 'असल्यास' लिखेला है ना? नहीं है तो नहीं. इत्ता क्या टेन्शन लेरा? सर कू जाके पूछ ले."

सरांना विचार म्हणे! सरळ रस्त्यानं जायचं असतं तर हा किस्सा झाला असता का? मी कंधारला मामाला फोन लावला. मामाचं खताचं दुकान, पण माल कमी आणि ओळखी जास्त.

"कॉलेजात लागायलास अन् मामाला आज सांगायलास?" मामा गरजला. "उद्या ये. चिठ्ठी घेऊ."

मंगळवारी मी इम्रानच्या मोटारसायकलवर मागे बसून कंधारला. मामानं आम्हाला एका माजी सभापतींकडे नेलं. "भाचा कॉलेजात लागायलाय साहेब, जरा बघा," एवढंच तो बोलला. साहेबांनी पुढं काही विचारलंच नाही. लेटरहेड ओढलं आणि लिहिलं, 'सदर होतकरू मुलास लिपिक पदावर सामावून घ्यावे.'

मी म्हणालो, "साहेब, लिपिक नाही, ते तीन तासांचं..."

मामानं मांडीला असा चिमटा काढला! बाहेर आल्यावर म्हणाला, "येडा हायस का? मोठं मागावं, तवा बारीक मिळतंय."

मग लोहा. तिथे मामाच्या साडूच्या ओळखीचे एक पुढारी. त्यांनी आधीची चिठ्ठी वाचली आणि चिडलेच. "लिपिक? बीए झालेलं पोरगं अन् लिपिक? न्हाई न्हाई, आपल्या भागाची इज्जत हाय का न्हाई?" आणि त्यांनी लिहिलं, 'प्राध्यापक'.

अहो, माझं बीए अजून व्हायचं होतं! सकाळी निघालो तेव्हा मी बोर्डावर कागद लावणारा होतो, दुपारी जेवायच्या आत प्राध्यापक झालो. इम्राननं परतीच्या वाटेवर एकदाच मागे वळून विचारलं, "अब कंधार कू वापस जायेंगे तो प्रिन्सिपल बनके आता क्या?"

पण मला नशा चढली होती. मामानं संध्याकाळपर्यंत आणखी तीन चिठ्ठ्या गोळा करून पाठवल्या. बुधवारी अशा चांगल्या पाच चिठ्ठ्या टाचणी लावून जाधव सरांपुढे ठेवल्या. सरांनी एकेक वाचली. मधेच त्यांचा फोन वाजला. "हो साहेब... हो, उदगीरचा... नाही साहेब, प्राध्यापकाची जागा नाही..." फोन ठेवतात तोच दुसरा. मग तिसरा. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"ही सगळी तुझीच माणसं?"

मी छाती फुगवून म्हणालो, "हो सर! अजून दोघांचे फोन यायचेत!"

सरांनी चिठ्ठ्या उचलून कपाटात ठेवल्या. मला वाटलं, झालं काम.

गुरुवारी गेलो तर दारावर नवीन कागद. 'निवड खुल्या परीक्षेद्वारे होईल.' आणि रांग! जिन्याखालपर्यंत! ज्या जागेसाठी पुढाऱ्यांचे फोन येतात ती जागा साधी असेल का, असा अख्ख्या कॉलेजचा समज झाला होता. एकसष्ट अर्ज! इम्रान पण रांगेत. म्हणाला, "तेरा होने तक खाली खडा रहके क्या करूं? भर दिया फॉर्म."

परीक्षा सोपी होती. टेबलावर सेलचाच फोन. शेजारच्या खोलीतून एक मॅडम कधी पालक बनून, कधी कंपनीवाल्या बनून फोन करणार, आपण नीट उत्तर द्यायचं. स्पीकर चालू, समोर जाधव सर.

माझी पाळी आली. फोन वाजला.

"नमस्कार, प्लेसमेंट सेल."

"मी आमदार साहेबांचा पीए बोलायलोय," पलीकडून जाडा आवाज. "त्या उदगीरच्या पोराला घेतलं का न्हाई?"

वा! मला वाटलं, काय अवघड प्रश्न काढलाय! मॅडमनी आवाज काढायला पुरुष सुद्धा आणला! मी ताठ बसलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "क्षमा करा साहेब. इथे ओळखीवर काम होत नाही. गुणवत्तेवर होतं."

काय उत्तर होतं! मलाच माझं कौतुक वाटलं.

"ए शान्या!" पलीकडचा आवाज भडकला. "सरला फोन दे! पोरगं माझा सख्खा भाचा... न्हाई, म्हंजी साहेबांचा जवळचा हाय!"

हा आवाज तर ओळखीचा! "मामा?"

"कोन? तू? तू फोन उचलायलास?" मग मामा आनंदानं ओरडलाच. "म्हंजी लागलास की रं! थांब, उदगीरला कळवतो!"

फोन बंद. सर माझ्याकडे बघत होते. शेजारच्या खोलीतून मॅडमनी डोकं बाहेर काढून विचारलं, "सर, लाइन बिझी का लागतेय?"

संध्याकाळी यादी लागली. एकच नाव. इम्रान! त्यानं म्हणे मॅडम घाबरलेली आई बनून बोलत होत्या तेव्हा इतकं प्रेमानं समजावलं, की मॅडमलाच बरं वाटलं.

मी सरांकडे गेलो. रडवेला झालो होतो, खोटं कशाला बोलू? "सर, माझं काय चुकलं?"

सरांनी कपाटातून माझा सोमवारचा फॉर्म काढला. त्यावर लाल शाईत लिहिलेलं, 'मंजूर', खाली सही आणि तारीख सोमवारचीच.

"अर्ज एकच आला होता बाळा," सर म्हणाले, "तुझा. गुरुवारी तुला फक्त किल्ली द्यायची होती. पण एवढे फोन आल्यावर उद्या कोणी म्हणालं असतं, सरांनी वशिल्यानं भरला. म्हणून परीक्षा घ्यावी लागली."

पायऱ्यांवर बसलो तर अण्णांचा फोन. "पेढे वाटले मोंढ्यात! प्राध्यापक झालास म्हनं?"

खरं सांगितल्यावर अण्णांनी आवाज एकदम खाली आणला. मग म्हणाले, "पेढे वाटून झालेत. आता मोंढ्यात कोनाला काय सांगू नको. गपचूप काट्यावर बस."

तर दिवाळीपासून मी उदगीरला काट्यावर. परवा एक काका तूर घेऊन आले. पोती उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "छोटे मालक, तुमचा हात लई वरपर्यंत हाय म्हनं. माझी पोरगी लातूरला शिकायलीय, तिच्या कॉलेजात कमवा-शिकाची जागा निघालीय. अर्ज केलाय तिनं. तुमचा एक शब्द टाका की."

सांगणार होतो, खरंच सांगणार होतो! काका, काही करू नका, पोरीला सुखानं राहू द्या, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण आजूबाजूचे चार हमाल, दोन व्यापारी, सगळे माझ्याकडे आदरानं बघत होते. इतक्या आदरानं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं.

मी आत गेलो, अण्णांच्या आडतीचं लेटरहेड काढलं आणि विचारलं, "पोरीचं नाव काय म्हणालात?"