गुरुजी इथे बसलेत

"तो गुरुजी नाही गं. गुरुजी इथे बसलेत."

मुख्याध्यापक हसत म्हणाले. हसत म्हणाले, म्हणून जास्त लागलं. गुरुपौर्णिमा होती. शाळेच्या व्हरांड्यात चार खुर्च्या मांडलेल्या आणि शिकवणारे आम्ही पाच. पाचवा मी. मला सांगितलं होतं, "तू पोरांना रांगेत लाव." पोरं एकेक करून पुढे येत होती, फूल ठेवून वाकत होती. चौथीतली एक मुलगी, आमच्याच वारली समाजातली, रांग सोडून माझ्यापुढे आली. हातात जास्वंद. ती वाकणार तेवढ्यात ते वाक्य आलं.

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. आणि मी, डी.एड. झालेला, तिला रोज गणित शिकवणारा, काय म्हणालो? "जा, तिकडे ठेव." बोटाने दाखवलंसुद्धा. मुख्याध्यापकांचा राग आहेच. त्या बोटाचा जास्त आहे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसरच्या कारखान्यांमागचं एक गाव. शाळेचं नाव सांगत नाही. एकच शाळा तशी होती असं नाही.

आमच्या डोंगरातल्या पाड्यावर गुरुजी हा साधा शब्द नव्हता. अर्ज गुरुजी लिहिणार. लग्नात पाहुण्यांच्या आधी गुरुजींना बाज टाकणार. पोराची जन्मतारीखसुद्धा गुरुजी ठरवणार. माझी एक जून. माझ्यासोबत नाव घातलेल्या सगळ्यांची एक जून. मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हा बाप म्हणाला, "आता तुला कोन नावानं हाक नाय मारनार. मी पन नाय." आणि खरंच, त्या दिवसापासून तो मला गुरुजी म्हणायला लागला. मला लाज वाटायची. त्याला वाटायची नाही.

शाळेत पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी पोरांना सांगितलं, "याला दादा म्हणा." स्वतः मला अरे म्हणायचे. मी मनाची समजूत घातली, नवीन आहे, वय लहान आहे. दोन महिन्यांनी घाटावरून एक जण आला. माझ्याच वयाचा, पहिलीच नोकरी. त्याला त्याच सकाळी गुरुजी म्हटलं गेलं, खुर्ची दिली गेली. त्याच्यासाठी चहा सांगायला मला पाठवलं. मी गेलो. तेव्हाही गेलो.

गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलीने वर्गात विचारलं, "मंग तुमी कोण?"

खोडी नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी फळ्याकडे वळून भागाकार लिहायला लागलो. खडू दोनदा मोडला.

मधल्या सुट्टीत ऑफिसमध्ये गेलो. चौघे डबे उघडून बसले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "अरे, पाणी आण जरा."

"मला गुरुजी म्हणा," मी म्हणालो. "नाहीतर आडनावाने बोलवा. अरेला मी येणार नाही."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, "हा मान मागून मिळत नसतो. मिळवावा लागतो."

"तुम्ही कधी मिळवलात? ऑर्डर आली त्या दिवशी मिळाला तुम्हाला. माझीही ऑर्डर त्याच कचेरीतून आली आहे."

पाणी घाटावरच्या गुरुजींनी आणलं.

त्यानंतर ते मला गुरुजी म्हणायला लागले असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. त्यांनी मला हाक मारणंच बंद केलं. ना अरे, ना दादा, ना आडनाव. काम असलं की पोराच्या हाती चिठ्ठी. वर्षअखेरच्या अहवालात माझ्याबद्दल एकच शब्द लिहिला, उद्धट. पुढच्या वर्षी बदली, एका वाटेच्या शेवटच्या पाड्यावर. वाईट वाटलं. आजही वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण त्या दुपारी ऑफिसमधून निघालो तो सरळ चौथीच्या वर्गात गेलो. त्या मुलीला उभं केलं. म्हणालो, "काल मी तुला चुकीचं सांगितलं. मी तुमचा गुरुजी आहे. आजपासून हाक हीच. दुसऱ्या कुठल्याही हाकेला मी ओ देणार नाही. तुमच्याही नाही, त्यांच्याही नाही."

नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्या हाकेला ओ दिली नाही. पुढेही देणार नाही.