बोलण्यात तीन गुण

राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेची परीक्षक म्हणून मला बोलावणं आलं तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. औरंगाबादच्या एका महिला महाविद्यालयात इतिहास शिकवत होते. आपल्याकडच्या दोन मुलींनी एकाच वर्षात जगातले दोन मुकुट आणले, त्यानंतरचे ते दिवस. ब्यूटी पार्लरांच्या दारांवर त्या दोघींचे फोटो लागले होते आणि माझ्या वर्गातल्या मुली पायऱ्या उतरतानासुद्धा मान ताठ ठेवायला लागल्या होत्या. स्पर्धेची पहिली फेरी आमच्या शहरात घ्यायचं ठरलं. तीन परीक्षकांपैकी एक इथली हवी होती. "शिक्षणातली, वयानं मोठी बाई असली की आईवडील मुलींना पाठवतात," असं आयोजकांच्या माणसानं मला स्वच्छच सांगितलं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

काम घेतलं की त्याचा अभ्यास करायचा, हा माझा स्वभाव. कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या साप्ताहिकांचे बांधीव खंड होते. दोन दुपारी मी ते काढून बसले. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या सुंदऱ्या, मग रंगीत छपाई आल्यावरच्या. केस बदलत गेले, साड्या गेल्या, पोहण्याचे कपडे मात्र शेवटपर्यंत राहिले. प्रत्येकीच्या फोटोखाली तीन आकडे छापलेले असत: छाती, कंबर, नितंब. परीक्षकांच्या यादीत संस्थानिक, सिनेमावाले, क्रिकेट खेळणारे. शिक्षिका एकही नव्हती. मला उगाच अभिमान वाटला.

त्यातला एक फोटो मी ओळखला. मी तेव्हा लहान होते; पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याला काही वर्षं झाली होती. माझे वडील कारकून. जन्मभर उर्दूत लिहिलेला हात, तो आता मराठी अर्ज गिरवत होता. सरावासाठी ते साप्ताहिकं आणत. त्यातल्या एकात ही मुकुटवाली निघाली. आईनं ते पान फाडलं आणि फळीवर डब्यांखाली पालथं अंथरलं. कुणी नसलं की मी डबा उचलून ते उलटून बघत असे. ती मला फार आवडायची. तिच्यासारखं व्हावं असं वाटायचं नाही, नुसतं बघावंसं वाटायचं.

स्पर्धेची जाहिरात लागली आणि माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी अर्ज घेऊन स्टाफरूममध्ये आली. ती करमाडहून रोज एसटीनं यायची. वडील शेती करत आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जात. मुलगी उंच, सावळी, बोलायला चटपटीत. वर्गात माझ्याशी वाद घालणारी ती एकटीच.

"मॅडम, तुम्ही परीक्षक आहात म्हणे. मग मी भरू का नको?"

"घरी विचारलंस?"

"आण्णा म्हणले, मॅडम हायेत ना तिथं, मग जा."

"भर. पण माझी विद्यार्थिनी म्हणून मी जास्त गुण देणार नाही."

ती हसली. "जास्त कशाला? बरोबर द्या म्हणजे झालं."

स्पर्धा एका हॉटेलात होती. सकाळी मुलींची मापं घ्यायची होती. माप घेणारी बाई मुंबईहून आली होती, पण आयोजकांनी मलाही त्या खोलीत बसवलं. मुलींना संकोच वाटायला नको, म्हणून. बाई टेप लावून आकडा सांगे आणि मी तो तक्त्यात लिहीत असे. मुली आत येताना मला बघून सैलावत. एकदोघी तर वाकून नमस्कार करू लागल्या. मी त्यांना हातानंच थांबवलं.

माझी मुलगी आली. 'माझी' असंच मी मनात म्हणत होते. टेप छातीभोवती फिरली तेव्हा ती भिंतीकडे बघत राहिली. आकडे लिहून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "मॅडम, हे कुणाला दाखवणार?"

"कुणाला नाही. हे फक्त आमच्यासाठी."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. तिला बरं वाटावं म्हणून बोलून गेले.

संध्याकाळी पाचला सभागृह भरलं. चौथ्या रांगेत तिचे वडील होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हात गुडघ्यांवर. आजूबाजूला दुसऱ्या कॉलेजांची पोरं शिट्ट्या मारत होती. पहिल्या फेरीत एकेक मुलगी चालत पुढे यायची आणि निवेदक माईकवर तिची ओळख करून द्यायचा. नाव, शिक्षण, आवड, उंची. आणि मग, आवाज जरा लांबवून, ते तीन आकडे.

पहिल्या मुलीच्या वेळी मला वाटलं, चुकून वाचले. दुसरीच्या वेळी माझे कान तापले. शेजारी दुसरा परीक्षक, मुंबईचा एक छायाचित्रकार, बसला होता. मी त्याला म्हटलं, "हे वाचायलाच हवं का?"

"सगळीकडे वाचतात मॅडम," तो म्हणाला, आणि कागदावर काहीतरी लिहू लागला.

तिची पाळी अकरावी होती. ती सुरेख चालत आली. आकडे वाचले गेले. मागून कुणीतरी त्यातला एक आकडा मोठ्यानं परत म्हटला आणि हशा पिकला. तिनं एकदाच चौथ्या रांगेकडे पाहिलं. वडील मान खाली घालून बसले होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या कागदावर नजर वळवली.

तरीही ती शेवटच्या सहाजणींत आली. तिथं प्रश्नाची फेरी होती. तिला प्रश्न आला: तुमचा सर्वांत जास्त विश्वास कुणावर आहे? मराठीत उत्तर दिलेलं चालणार होतं. वर्गात तिला हा प्रश्न विचारला असता तर तास संपेपर्यंत ती थांबली नसती. इथं तिनं माईक तोंडाशी धरला आणि गप्प उभी राहिली. निवेदकानं प्रश्न पुन्हा वाचला. ती हलली नाही. वेळ संपल्याची घंटा झाली, तेव्हा तिनं मान लववली आणि परत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

बोलण्याला दहापैकी गुण द्यायचे होते. मी तीन लिहिले. न बोलणाऱ्या मुलीला बोलण्यात किती देणार? माझ्या कॉलेजची आहे, लोक काय म्हणतील, हेही मनात होतंच. खरं तर तेच जास्त होतं.

आतल्या खोलीत बेरजा झाल्या. तिघी पुढच्या फेरीला जाणार होत्या. ती चौथी आली, दोन गुणांनी. तिसरी परीक्षक पूर्वी स्वतः अशा स्पर्धांतून आलेली होती. ती म्हणाली, "चेहरा छान आहे, चाल फारच छान. पण आत्मविश्वास नाही. अशी मुलगी वर टिकत नाही." मग तिनं आम्हा दोघांना विचारलं, "कुणाला काही बदलायचंय?"

ती का गप्प झाली, हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं. मी म्हणाले, "नाही."

सोमवारी तिचे वडील कॉलेजात आले. मी खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मॅडम, तक्रार नाय माझी. येक इचारायचं व्हतं. ते आकडे समद्या लोकायसमोर वाचत्यात, हे तुमाला ठावं व्हतं का?"

ग्रंथालयातले ते फोटो आणि त्यांच्याखालचे छापील आकडे माझ्या डोळ्यांसमोर आले. "नाही," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "व्हय ना? म्या पोरीला तेच म्हनलं. मॅडमला ठावं असतं तं तेंनी तुला सांगितलं असतं." हात जोडून ते निघून गेले.

त्यानंतर ती कॉलेजात यायची, पण माझ्या तासाला बसायची नाही. दोन आठवडे मी वाट पाहिली आणि एका रविवारी एसटीनं करमाडला गेले. ओसरीवर ट्रान्झिस्टर लावून ती बसली होती. इंग्रजी बातम्या चालू होत्या आणि ती एकेक वाक्य मोठ्यानं परत म्हणत होती. मला बघून तिनं आवाज कमी केला आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

मी वाटेत ठरवलेलं सगळं बोलले. आकडे छापतात हे मला माहीत होतं. वाचतील असं मनात आलं नाही, पण यायला हवं होतं. तुला खोटा धीर दिला. तुझ्या वडिलांशी खोटं बोलले. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं, ती रडेल किंवा चिडेल.

"आकड्यांचं जाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी पुण्याहून भरणारंय. आता माहीतंय, वाचतात म्हणून. वाचू द्या." मग तिनं विचारलं, "मला बोलण्यात तुम्ही किती दिले?"

मला खोटं सांगता आलं असतं. "तीन."

"तीन?" तिचा चेहरा तेव्हा पडला. "मी का गप्प झाले ते तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"मग तिथं सांगायचं ना. मला बोलता आलं नाही. तुम्हाला तर येत होतं."

आतून तिच्या आईनं चहा आणला. आम्ही तो प्यायलो. आई कॉलेजच्या परीक्षा कधी आहेत ते विचारत राहिली आणि मी सांगत राहिले. निघताना मुलगी मला थांब्यापर्यंत सोडायला आली नाही. एसटीत खिडकीशी बसून मला पहिल्यांदा रडू आलं.

पुढच्या वर्षी ती पुण्याहून खरोखरच उभी राहिली. शेवटच्या दहाजणींत आली, त्यापुढे गेली नाही. आयोजकांनी मला पुन्हा बोलावलं तेव्हा मी नकार दिला आणि आकडे वाचू नयेत असं एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. माझ्या जागी त्यांना लगेच दुसऱ्या एक बाई मिळाल्या. काही वर्षांनी आकडे वाचायचं बंद झालं म्हणतात. त्यात माझा काही वाटा नाही.

निवृत्तीनंतर एकदा तिचे वडील शहरात भाजीबाजारात भेटले. थकले होते, पण मला लांबूनच ओळखलं. पोरगी पुण्यात एका कंपनीत आहे, तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं, बरं चाललंय, असं म्हणाले. तिचं नाव काढताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

मी विचारलं, "कधी माझी आठवण काढते का?"

ते जरा घुटमळले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"इचारतो तिला," म्हणाले.