लेथवाल्याची कुजबुज

कुपवाडच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवून त्याचे कान गेलेत. त्यामुळे तो कुजबुजला तरी तीन शेडपर्यंत ऐकू जातं. त्याचा इन्कम टॅक्सचा रिटर्न मी भरतो. परवा माझ्या ऑफिसात तो कानाशी येऊन कुजबुजला, "माज्याकडं बिटकॉइन हाय. सरकारला कळवायचं न्हाई."

समोरच्या शेडमधल्या वेल्डरनं काम थांबवून ओरडून विचारलं, "किती रुपयांचं रं?"

यानं आकडाही सांगितला, तोही छाती फुगवून.

"सगळ्या कुपवाडला कळलं. मग सरकारनंच तुझं काय घोडं मारलंय?" मी ओरडलो.

"लोक ऐकून नुसते जळत्यात गड्या. सरकार टॅक्स मागतंय!"

मी आकडा लिहिला. त्यानं चरफडत सही केली आणि पुन्हा कुजबुजला, "बायकोला तेवडं सांगू नगंस."

"न्हाई सांगत," समोरून वेल्डर ओरडला.