झिजलेले कोपरे

जुनी कॉमिक्स जमवणाऱ्या आम्हा लोकांचा एक नियम आहे. अंक जितका कमी हाताळलेला, तितका त्याचा दर्जा वरचा. पान मुडपलेलं असलं, पिन गंजलेली असली, की दर्जा उतरला. मी भिंग लावून अंक तपासतो, प्लास्टिकच्या पाकिटात घालतो आणि वर दर्जाची चिठ्ठी चिकटवतो.

काल ताई आली होती. कपाटातल्या एका पाकिटातून तिने अंक काढला आणि जुन्या सवयीने अंगठा जिभेला लावला. मी ओरडलोच, "अगं, हात नको लावूस!"

तिने अंक खाली ठेवला. पदराला हात पुसत म्हणाली, "बरं बाबा, तूच दाखव."

मी पांढरे हातमोजे चढवून अंक उघडला. ती मागे सरून उभी राहिली आणि तिथूनच राक्षसाचं बोलणं राक्षसाच्या आवाजात, पोपटाचं पोपटाच्या आवाजात म्हणू लागली. सगळं पाठ! मला अक्षरं कळत नव्हती तेव्हा हाच अंक ती मला रोज वाचून दाखवायची.

माझी नजर चिठ्ठीवर गेली. 'खालचे कोपरे झिजलेले. दर्जा सामान्य.' अक्षर माझंच. आम्ही ज्याला उत्तम म्हणतो, तो अंक बहुधा कुणी कुणाला वाचून दाखवलेलाच नसतो.

"उलट की पान," ताई म्हणाली.

हातमोज्यातल्या बोटांना पान सुटेना.